अरुंधतीचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे बहुधा आरोग्य, पाककृती किंवा संतवाङ्मय यांपैकी एखाद्या विषयावर भाषण होते. यंदा चिटणीसबाईंनी मला हुकूम केला, "ताऱ्यांविषयी काही सांगा, पण आम्हांला समजेल असे सांगा." मी पुष्कळ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा समजेल असे सांगण्याची सवय आहे. वेळेत थांबण्याची मात्र नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

विषय मी निवडला तो एका मुलीच्या प्रश्नावरून. आपल्यातल्याच एका भगिनीच्या लेकीचे लग्न ठरले आहे. तिने मला विचारले, "लग्नात अरुंधती दाखवतात ती खरोखर वसिष्ठाजवळ आहे, की नुसती आपल्याला तशी दिसते?" तिच्या आईने तिला लगेच गप्प केले, लग्नाच्या तोंडावर असले काही विचारू नये म्हणाली. मला मात्र प्रश्न फार आवडला. ज्या ताऱ्याच्या साक्षीने आपण जन्माची गाठ बांधतो, त्या ताऱ्याची चौकशी करण्यात अशुभ ते काय? आणि गंमत अशी की हाच प्रश्न मोठमोठ्या ज्योतिर्विदांना तीन-चारशे वर्षे पडला होता. त्याचे बरेचसे उत्तर मिळाले ते अगदी अलीकडे, २००९ नंतर.

आधी तारा कुठला ते पाहू. विवाहहोम आणि सप्तपदी झाली की वधूवरांनी ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहावेत, असे गृह्यसूत्रांत सांगितले आहे. हे रात्रीचे काम. आपण लग्न लावतो दुपारी साडेबाराला, मंगल कार्यालयात. गुरुजी छताकडे बोट करतात, नवरी पंख्याकडे पाहून "दिसली" म्हणते आणि छायाचित्र निघते. मार्गशीर्षातले लग्न रात्री असले तरी फरक पडत नाही. डिसेंबरच्या आरंभी रात्री नऊ वाजता अरुंधती आपल्या उत्तर क्षितिजाच्या चांगली सोळा अंश खाली असते आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवते. फाल्गुन ते ज्येष्ठ या लग्नसराईत मात्र ती रात्रीच्या पहिल्या प्रहरांत दिसते.

सप्तर्षींचा आकार आपणां सर्वांना ठाऊक आहे. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. चौकोनात क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री. शेपटीत अंगिरस, वसिष्ठ आणि टोकाला मरीची. शेपटीतला मधला तो वसिष्ठ. त्याच्या अगदी लगत, पुनवेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीहूनही कमी अंतरावर, एक बारीक तारा आहे, तीच अरुंधती. पाश्चात्त्य त्यांना मिझार आणि अल्कोर म्हणतात. ही दोन्ही नावे अरबी भाषेतून आलेली. आकाश रोज पश्चिमेकडे सरकते तेव्हा अरुंधती वसिष्ठामागून सुमारे सव्वा मिनिटाने जाते. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धापूर्वीचे अपशकुन सांगितले आहेत, त्यांत अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकले असाही एक आहे. त्यावर विद्वानांचे वाद झाले आहेत. त्यांत मी आज शिरत नाही.

बारीक तारा एकदम दाखवला तर दिसत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की "हा नव्हे, त्याच्या शेजारचा" असे म्हणायचे. आपल्या शास्त्रग्रंथांत याला 'अरुंधतीदर्शनन्याय' असे नावच आहे. पुढच्या शोधांची कथा तुम्ही ऐकाल तेव्हा दिसेल की ज्योतिर्विदही याच न्यायाने गेले. प्रत्येक वेळी एक तारा नीट दिसला, आणि मग त्याच्या शेजारचा.

इथे एक गोष्ट घाईने सांगते, कारण समोर वयस्क भगिनी बसल्या आहेत. सुश्रुतसंहितेत असे म्हटले आहे की ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे आयुष्य सरले. माझ्या आत्याबाईंनी हे कुठेतरी ऐकले होते. सत्तरीत त्यांना अरुंधती दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब मांडला, दागिन्यांची वाटणी केली आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढे मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली, अरुंधती पुन्हा दिसू लागली आणि आत्याबाई त्यानंतर चौदा वर्षे जगल्या. वाटलेले दागिने मात्र परत मागता आले नाहीत! तेव्हा अरुंधती दिसेनाशी झाली तर आयुष्याची नव्हे, डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.

आता दुर्बिणीकडे वळू. १६१७ च्या जानेवारीत बेनेदेत्तो कास्टेली या इटालियन विद्वानाने आपला गुरू गॅलिलिओ याला कळवले की वसिष्ठ दुर्बिणीतून पाहण्यासारखा आहे. गॅलिलिओने पाहिले तो नुसता वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघाला! अरुंधती वेगळीच, ती तर डोळ्यांनीच दिसते. वसिष्ठाच्या आत दोन तारे. त्याने त्यांच्यामधले कोनीय अंतर मोजून लिहून ठेवले ते आजच्या मोजमापाच्या अगदी जवळचे आहे. पुष्कळ पुस्तकांत या शोधाचे श्रेय १६५० सालच्या रिच्चोलीला दिलेले आढळते, पण मान कास्टेलीचा आणि गॅलिलिओचा आहे.

त्या काळी असे जुळे तारे शोधण्यामागे एक हेतू होता. आगगाडीतून जाताना जवळचे झाड भराभर मागे पडते आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. त्याचप्रमाणे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे खरे असेल, तर जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या मानाने सहा महिन्यांत किंचित सरकला पाहिजे. ठळक तो जवळचा आणि फिका तो दूरचा, अशी तेव्हा समजूत. वसिष्ठाच्या जोडीत तसे काही दिसणे शक्यच नव्हते. कारण उघड आहे. दोघे आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, एकाच घरचे आहेत. पुढे १८५७ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत जोडताऱ्याचे पहिले छायाचित्र काढले गेले, तेही याच वसिष्ठाचे.

वसिष्ठ आणि अरुंधती यांच्या मधोमध आणखी एक अंधुक तारा दुर्बिणीत दिसतो. १७२२ मध्ये एका जर्मन प्राध्यापकाला तो नवा ग्रह वाटला आणि त्याने आपल्या राजाचे नाव त्याला देऊन टाकले. तो ग्रह नव्हे आणि या घरातलाही नव्हे. खूप मागे असलेला, वाटेत दिसणारा परका तारा. राजाचे नाव तेवढे त्याला चिकटून राहिले.

आता या कथेतला मला सर्वांत प्रिय भाग. हार्वर्डच्या त्याच वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट काचेच्या तबकड्यांवर घेत असत. लोलकातून ऊन गेले की सात रंगांचा पट्टा पडतो, तसा ताऱ्याच्या प्रकाशाचाही पडतो आणि त्यात बारीक काळ्या रेघा असतात. या हजारो तबकड्या तपासायला संचालक पिकरिंग यांनी बायका नेमल्या होत्या. काम डोळे फोडणारे आणि मजुरी तासाला पंचवीस सेंटच्या आसपास. खर्चाचा मोठा भार अॅना ड्रेपर या विधवा बाईंनी उचलला होता. त्यांचे पती हेन्री ड्रेपर ज्योतिर्विद होते, ते १८८२ मध्ये वारले होते. या बायकांत ड्रेपर यांची भाची होती अँटोनिया मॉरी.

वसिष्ठाच्या थोरल्या ताऱ्याच्या तबकड्यांत एक विलक्षण गोष्ट दिसली. काही रात्री काळी रेघ एकेरी असे, काही रात्री तीच दुहेरी. पिकरिंग यांनी १८८९ मध्ये ते जाहीर केले. याचा अर्थ काय, ते मी तुम्हांला फुगडीने सांगते.

दोघीजणी फुगडी घालताहेत आणि तुम्ही लांब उभ्या आहात. एक क्षण असा येतो की एक तुमच्याकडे येत असते आणि दुसरी तुमच्यापासून दूर जात असते. पाव फेरी झाली की दोघी तुमच्यासमोर आडव्या सरकतात. तेव्हा कुणी जवळही येत नाही आणि दूरही जात नाही. तारा जवळ येत असला की त्याच्या रेघा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असला की तांबड्या बाजूला. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते, तसेच. म्हणजे रेघ कधी एक, कधी दोन होत असेल, तर तिथे एक तारा नाही. दोघे फुगडी घालत आहेत. कोणत्याही दुर्बिणीला दोन ठिपके न दाखवता नुसत्या रेघांवरून ओळखलेला हा पहिला जोडतारा. एक फेरी साडेवीस दिवसांची. दोन्ही तारे सूर्याच्या दुपटीहून थोडे अधिक जड आणि एकमेकांपासून इतके जवळ की पृथ्वी आणि सूर्य यांमधल्या अंतराच्या साधारण पाव हिश्शात मावावेत.

त्याच जातीचा दुसरा तारा, सारथी तारकासमूहातला, मॉरीने स्वतः शोधला. त्याची फेरी चार दिवसांची, म्हणजे तिथे रोजच्या रोज रेघ बदलताना दिसे. पण तिच्या कामाला तिचे नाव लागेल याची खात्री नव्हती. आपले काम आपल्या नावानिशी छापले जावे असा तिने आग्रह धरला, खटके उडाले, ती मधून मधून वेधशाळा सोडूनही गेली. अखेर १८९७ मध्ये तिची ताऱ्यांची सूची प्रसिद्ध झाली तेव्हा मुखपृष्ठावर तिचे नाव आले. त्या वेधशाळेच्या ग्रंथमालेत असे नाव आलेली ती पहिली स्त्री. मंडळाच्या अहवालात 'फराळाची व्यवस्था भगिनींनी केली' एवढेच आपण लिहितो ना, त्या वेळी मला मॉरीबाईंची आठवण होते. नावे लिहावीत.

१९०८ मध्ये असेच वर्णपटावरून कळले की वसिष्ठाचा धाकटा तारासुद्धा एकटा नाही. त्याला एक लहान सोबती आहे आणि त्यांची फेरी सुमारे एकशे पंचाहत्तर दिवसांची. म्हणजे एकट्या वसिष्ठात चार तारे झाले. अरुंधती मात्र बिचारी एकटीच, असे यानंतर शंभर वर्षे समजत होते.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, एकाने कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या वेधशाळेतून आणि दुसऱ्याने ॲरिझोनातून, स्वतंत्रपणे अरुंधतीच्या अगदी कुशीत एक मंद तांबडा तारा पाहिला. सूर्याच्या साधारण पाव वजनाचा. पालोमारवाल्यांनी अरुंधतीचे तेज यंत्रात झाकून घेतले. आपण दिव्यापुढे हात धरून पलीकडचे पाहतो तसे. मग काही महिने थांबून पुन्हा पाहिले. पृथ्वी तोवर आपल्या वाटेवर पुढे गेली होती आणि अरुंधती मागच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित सरकलेली दिसली. तो तांबडा ठिपकाही तेवढाच, त्याच दिशेने सरकला. मागचा परका तारा असता तर सरकला नसता. गॅलिलिओच्या काळात जे सरकणे पाहण्यासाठी लोक जुळे तारे शोधत होते, ते चारशे वर्षांनी त्याच घरात असे कामास आले.

म्हणजे एकूण सहा तारे. मिथुन राशीतल्या कॅस्टरच्या षट्कानंतर आपल्याला सर्वांत जवळचे षट्क म्हणून हे सांगितले जाते. प्रकाशाला तिथून इथे यायला ऐंशी वर्षांच्या आसपास लागतात. आज रात्री तुम्ही पाहाल तो उजेड आपल्यातल्या सर्वांत ज्येष्ठ भगिनीच्या वयाचा.

घर केवढे आहे त्याची कल्पना यावी म्हणून हिशेब केला. थोरल्या वसिष्ठाचे दोन तारे एकमेकांपासून एक वीतभर आहेत असे धरा, इथे या टेबलावर. मग धाकटा वसिष्ठ निदान सव्वातीनशे मीटरवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या भाजीवालीपलीकडे. अरुंधती आणि तिचा तांबडा सोबती एकमेकांपासून पंचवीस मीटरवर, या सभागृहाच्या दोन टोकांना. पण ती दोघे असतील कुठे? कमीत कमी सोळा किलोमीटरवर. आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे पुण्यापासून लोणावळ्याएवढ्या अंतरावर. वसिष्ठाकडून निघालेला उजेड अरुंधतीला पोचायला तीन महिन्यांहून अधिक, कदाचित वर्षभर लागतो.

इतक्या लांबून संसार कसला, असे तुम्ही म्हणाल. शास्त्रज्ञांनाही ती शंका होती. पण दोघांची अंतरे, दिशा आणि वेग काळजीपूर्वक मोजले तेव्हा ते इतके जुळले की सहाही तारे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले असावेत, असा निष्कर्ष ॲरिझोनाच्या गटाने काढला. गाठ सैल आहे, फेऱ्याला लाखो वर्षे लागावीत अशी. पण गाठ आहे. त्या मुलीला मी हेच सांगितले. अरुंधती वसिष्ठाजवळ नुसती दिसत नाही, ती त्याच्याबरोबर आहे. मात्र ती त्याला चिकटून उभी नाही. तिचे स्वतःचे अंगण आहे आणि त्या अंगणात तिची स्वतःची सोबत आहे.

आता हे घर ज्या वाड्यात आहे तो वाडा पाहू. १८६९ मध्ये रिचर्ड प्रॉक्टर नावाच्या इंग्रज लेखकाने ताऱ्यांच्या सरकण्याचे बाण नकाशावर काढले. तारे शेकडो वर्षांत अगदी किंचित सरकतात, पण सरकतात. त्याला दिसले की सप्तर्षींपैकी पाचांचे बाण एकाच दिशेला, सारख्याच लांबीचे आहेत. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ. आणि अर्थात अरुंधती. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र वेगळ्या वाटेचे. आकाशात सात भाऊ एका रांगेत उभे दिसतात, त्यांतले दोघे पाहुणे आहेत!

हे पाच आणि त्यांच्यासारखे आणखी काही तारे एकाच मेघातून, एकाच वेळी, चाळीस ते पन्नास कोटी वर्षांपूर्वी जन्मले. अशा एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांच्या सैल मेळाव्याला खुला तारकागुच्छ म्हणतात. हा आपल्याला सर्वांत जवळचा, आणि जवळ असल्यामुळेच गुच्छासारखा दिसत नाही. वाड्याच्या दारातच उभे राहिले तर वाडा दिसत नाही, तसे. शिवाय तो आता विस्कटत चालला आहे. आकाशगंगेची ओढ लागून अशा गुच्छांतले तारे हळूहळू एकेक करून पांगतात. उत्तरमुकुटातला ठळक तारा याच कुळातला, कधीच दूर गेलेला. व्याधही यांतलाच असावा असे हर्ट्‌झस्प्रुंग या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडले होते. आता त्याविषयी शंका घेतात. या हर्ट्‌झस्प्रुंगनेच मॉरीबाईंच्या सूचीचे मोल सर्वांआधी ओळखले, म्हणून त्याचे नाव घेतले. आपला सूर्य या कुळातला नाही. त्याचे वय चारशे साठ कोटी; तो या मेळ्यातून वाट काढत चाललेला थोराड वाटसरू आहे.

उलट उदाहरण हवे तर रोहिणीचे घ्या. तिच्याभोवती ताऱ्यांचा सुंदर गुच्छ दिसतो आणि ती त्याची राणी वाटते. पण गुच्छ दीडशे प्रकाशवर्षांवर आणि रोहिणी पासष्टांवर. ती वाटेत उभी आहे इतकेच. कोण कोणाचे, हे नुसत्या जवळ दिसण्यावरून ठरत नाही. कोण कोणाबरोबर चालते ते पाहावे लागते.

आणि गुच्छांचा विषय निघाला की मला कृत्तिकांविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. वनपर्वात कथा आहे. स्वाहेने सप्तर्षींच्या सहा पत्नींची रूपे घेतली. अरुंधतीचे रूप तिला घेता आले नाही, इतके तिचे तप मोठे. पुढे बोभाटा झाला आणि सहा ऋषींनी आपल्या बायका टाकल्या. त्या निर्दोष आहेत असे विश्वामित्राने सांगितले, तरी ऐकले नाही. त्या सहाजणी कृत्तिका झाल्या. आपण अरुंधतीची थोरवी गातो ती या सहांच्या मानाने. पण या सहांचा अपराध काय होता? आपल्या मंडळात शिवणवर्गाला येणाऱ्या काही भगिनींनी असा बोभाटा सोसला आहे, म्हणून मला ही कथा नुसती गोड वाटत नाही. ऋषींना जे पटले नाही ते विश्वामित्राने बोलून दाखवले, एवढे तरी कथेने राखून ठेवले आहे.

कृत्तिकाही खुला तारकागुच्छच; सुमारे चारशे चाळीस प्रकाशवर्षे दूर, वय दहा-बारा कोटी वर्षे, म्हणजे सप्तर्षींच्या मानाने कोवळा. डोळ्यांना सहा-सात दिसतात, पण तिथे हजाराच्या घरात तारे आहेत आणि सारे अजून घट्ट एकत्र, एका दिशेने चालले आहेत. त्यांतले कोणी पाहुणे नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्या सहाजणींची नावे आपण घेतो त्या खरोखरच एकमेकींच्या आहेत. सप्तर्षींविषयी हे म्हणता येत नाही.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत. तेव्हा शेवटी कामाचे बोलते. मेच्या मध्यास, अमावास्येच्या जवळची रात्र पाहून, रात्री दहा ते साडेदहाच्या सुमारास आपण कार्यालयाच्या गच्चीवर जमणार आहोत. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की वसिष्ठ क्षितिजापासून अर्ध्या उंचीहून थोडा वर असेल. अरुंधती त्याच्या उजव्या हाताला, किंचित खाली. माझ्याकडे लहान दुर्बीण आहे. तिच्यातून वसिष्ठाचे दोन तारे स्पष्ट सुटे दिसतात, आणि मधला तो राजाचा परका ताराही. लग्न ठरलेल्या मुलींना जरूर आणा, आणि सासूबाईंनाही. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी आधी नाव दिले तर खालच्या अंगणात खुर्च्या ठेवू. मात्र अंगणातला दिवा कोणी विझवायचा ते शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे लागेल. चटया आपापल्या आणाव्यात.